एका ठिपक्यानं अडवलेले मेल: अटॅचमेंट फिल्टरमधल्या एका नियमाचं प्रकरण

विधी विभागातल्या मॅडमचा फोन आला. "अहो, समोरच्या पार्टीनं सही केलेला करार तीनदा पाठवला म्हणतात. माझ्याकडे एकदाही आलेला नाही. त्यांचे बाकीचे मेल येतायत. तुमच्याकडे काही अडकतंय का, जरा बघा ना."

मी नेहमीचे प्रश्न विचारले. स्पॅम फोल्डर बघितलं का? बघितलं होतं. मग क्वारंटाईन, म्हणजे संशयास्पद मेल अडकवून ठेवण्याची जागा, मी स्वतः तपासली, तिथेही काही नव्हतं. फाइल फार मोठी असेल म्हणावं, तर ती दोन एमबीचीही नव्हती. आणि साईजमुळे अडलेला मेल परत जातो, पाठवणाऱ्याला बाउन्स मिळतो. यांना बाउन्स आलेला नव्हता. त्यांच्या बाजूनं मेल "गेला" होता, आमच्या बाजूला तो "आला" नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमचाच फोन. "आला एकदाचा." काय बदललं, विचारलं. "काही नाही, त्यांनी पुन्हा स्कॅन करून पाठवला." आधीच्या तीन वेळी फाइलचं नाव होतं ‘एक्झिक्युटेड ॲग्रीमेंट’. चौथ्या वेळी स्कॅनरनं स्वतःहून दिलेलं ‘स्कॅन ०१’ हेच नाव राहिलं होतं. मजकूर तोच, पाठवणारा तोच, नाव तेवढं वेगळं.

नाव बदलल्यावर मेल पोचतो, याचा अर्थ कुठेतरी नाव वाचणारा नियम आहे. आमच्याकडे असा एकच होता.

लॉगमध्ये काय होतं

बाहेरून येणारे सगळे मेल आमच्याकडे आधी पोस्टफिक्स या मेल सर्व्हर प्रोग्रॅमच्या गेटवेवर, म्हणजे दारावरच्या सर्व्हरवर येतात. तिथे हेडर (मेलच्या आणि त्याच्या प्रत्येक भागाच्या सुरुवातीच्या माहितीच्या ओळी) तपासणाऱ्या टेबलमध्ये धोकादायक अटॅचमेंट अडवणारा एक जुना नियम होता. एक्स्टेन्शनं, म्हणजे फाइलच्या नावातले शेवटच्या ठिपक्यानंतरचे तुकडे, इथे देवनागरीत लिहितोय, मूळ नियमात ती अर्थातच रोमन लिपीत होती. सर्व्हरवर चालू असलेला नियम असा होता:

/नेम=.*.(ईएक्सई|एससीआर|पीआयएफ|बीएटी|सीओएम|आरईजी|व्हीबीएस)/ डिस्कार्ड

शेवटचा ‘डिस्कार्ड’ म्हणजे मेल टाकून द्या. मी लॉगमध्ये ‘डिस्कार्ड’ शोधलं आणि पानंच्या पानं सरकायला लागली. पोस्टफिक्स अशा प्रत्येक मेलची ओळ लिहून ठेवतं: कोणाकडून, कोणाला, आणि कुठल्या हेडरमुळे टाकला. करार तीन वेळा सापडला. त्याच्या मागेपुढे दिसले ते इन्कम स्टेटमेंट, कंपनी प्रोफाइल, रेकमेंडेशन लेटर, रजिस्ट्रेशन फॉर्म, बॅटरी टेस्ट रिपोर्ट, ट्रान्सक्रिप्ट. आणि स्क्रीनशॉट, कितीतरी स्क्रीनशॉट. बाहेरची जी माणसं आमच्या पोर्टलवरची अडचण कळवायला तिचा फोटो जोडून पाठवत होती, त्यांची तक्रारच आमच्यापर्यंत येत नव्हती.

यातली एकही फाइल प्रोग्रॅम नव्हती. बहुतेक पीडीएफ, काही चित्रं, काही वर्डच्या.

असे नियम रेजेक्समध्ये, म्हणजे मजकुरात नमुना शोधण्याच्या खुणांच्या भाषेत लिहितात. रेजेक्समध्ये नुसता ठिपका म्हणजे "कुठलंही एक अक्षर". खरा ठिपका हवा असेल, तर त्याच्याआधी बॅकस्लॅश लागतो. वरच्या नियमात तो नाही. त्यामुळे हा नियम ".ईएक्सई" शोधत नव्हता, तो "काहीतरी एक, आणि मग ई-एक्स-ई" शोधत होता. हेडरमध्ये फाइलचं नाव अवतरणचिन्हात असतं. ‘एक्झिक्युटेड’ या शब्दाची पहिली तीन रोमन अक्षरं ई, एक्स, ई. त्यांच्याआधीचं अवतरणचिन्ह ठिपक्याच्या जागी बसलं आणि नियम जुळला. पोस्टफिक्सच्या या टेबलांमध्ये लहान-मोठ्या लिपीचा फरक मुळातच धरला जात नाही, त्यामुळे कॅपिटल ईनंही काही वाचलं नाही. ‘स्क्रीनशॉट’मध्ये एस-सी-आर, ‘इन्कम’मध्ये सी-ओ-एम, ‘रजिस्ट्रेशन’मध्ये आर-ई-जी, ‘बॅटरी’मध्ये बी-ए-टी. रोमन लिपीतल्या रोजच्या कामाच्या फाइलींमध्ये हे तुकडे पावलोपावली आहेत.

बॅकस्लॅश कुठे गेला

हा नियम मूळचा असा नव्हता. २००० सालच्या मे महिन्यात ‘आय लव्ह यू’ हा वर्म, म्हणजे स्वतःहून पसरणारा घातक प्रोग्रॅम, जगभर पसरला, तो टीएक्सटी दिसणाऱ्या पण प्रत्यक्षात व्हीबीएस असलेल्या फाइलीच्या रूपात. विंडोज ओळखीची एक्स्टेन्शनं लपवून ठेवत असे, त्यामुळे उघडणाऱ्याला ते साधं प्रेमपत्र वाटलं. २००३ च्या ऑगस्टमध्ये सोबिग-एफ आला, २००४ च्या जानेवारीत मायडूम. पीआयएफ आणि एससीआर ही एक्स्टेन्शनं सगळ्यांच्या यादीत पक्की बसली ती तेव्हापासून. आमचा नियम त्याच वंशातला. जुन्या सर्व्हरवर त्यात ठिपक्याआधी बॅकस्लॅश होता.

गेटवे नव्या मशीनवर हलवला, तेव्हा कॉन्फिगरेशन तयार करणारी स्क्रिप्ट मी लिहिली. साच्यात एक खूण ठेवायची आणि सेड या मजकूर बदलणाऱ्या कमांडनं त्या जागी खरा नियम घालायचा, अशी ती सोय होती. सेडच्या बदली मजकुरात बॅकस्लॅश-ठिपका लिहिला, तर तो बॅकस्लॅश सेड स्वतःसाठी वापरून टाकतं आणि पुढे नुसता ठिपका जातो. एरर नाही, वॉर्निंग नाही. तयार झालेला नियमही पूर्णपणे वैध. मी तो डोळ्यांखालून घातला होता. इतक्या कंसांत आणि उभ्या रेघांत एक तिरकी रेघ कमी आहे, हे माझ्या नजरेला जाणवलं नाही.

मात्र नजरचुकीपेक्षा मला जास्त महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. आम्ही चाचणी घेतली होती. एका फाइलीला ईएक्सई एक्स्टेन्शन देऊन बाहेरच्या खात्यावरून पाठवली, ती अडली. एससीआर पाठवली, तीही अडली. यादीतलं प्रत्येक एक्स्टेन्शन तपासलं आणि प्रत्येक वेळी नियम पास झाला. तो पास होणारच होता. नियम जितका सैल, तितका तो या चाचणीत हमखास उत्तीर्ण होतो, कारण "वाईट ते अडतंय का" एवढंच ती विचारते. सगळंच अडवणारा नियम या परीक्षेत शंभर टक्के मिळवेल. "चांगलं ते सुटतंय का" हा प्रश्न आमच्या कागदावरच नव्हता.

बिघाड अकरा दिवस चालू राहिला त्याचं कारण नियमाच्या शेवटचा शब्द. डिस्कार्ड या कृतीत सर्व्हर पाठवणाऱ्याला "मिळालं" म्हणून २५० क्रमांकाचं उत्तर देतो आणि मेल टाकून देतो. २००३–०४ च्या काळात याला कारण होतं. वर्म खोट्या पत्त्यांवरून मेल पाठवायचे, आणि बाउन्स त्या बिचाऱ्या खऱ्या पत्तेवाल्यांवर जाऊन आदळायचे. पण मेल आधी स्वीकारून मागून बाउन्स तयार केला, तरच तो दुसऱ्याच्या दारात जाऊन पडतो. दोन मेल सर्व्हरांचं एसएमटीपी या ठरलेल्या पद्धतीतलं संभाषण चालू असतानाच ५५० देऊन नाकारलं, तर आमचा सर्व्हर बाउन्स तयारच करत नाही. खऱ्या पाठवणाऱ्याचा सर्व्हर त्याला सांगतो, आणि वर्मच्या मशीनला त्याचं काही वाटत नाही. ही वाट तेव्हाही उघडी होती. डिस्कार्ड तसंच राहून गेलं, कारण तोपर्यंत त्यामुळे कोणाचं काही गेल्याचं आमच्या कानावर आलं नव्हतं. टाकून दिलेल्या मेलबद्दल कानावर येणार तरी कुठून?

बॅकस्लॅश परत घालून भागलं नाही

त्याच दुपारी बॅकस्लॅश परत घातला आणि कृती बदलून रिजेक्ट केली. विषय तिथे मिटवता आला असता. पण जुन्या मशीनचे लॉग हाताशी होते म्हणून तेही चाळले, आणि बॅकस्लॅश जागेवर असतानासुद्धा चांगले मेल टाकले गेल्याचं दिसलं. संख्या कमी, पण सातत्य होतं.

एक कारण असं की नियमाला शेवट नव्हता. ठिपका-सीओएम नावात कुठेही आलं की तो जुळायचा. डॉसच्या काळात सीओएम हे चालवता येणाऱ्या फाइलीचं एक्स्टेन्शन होतं, आणि १९८५ पासून तेच इंटरनेटवरचं सगळ्यात ओळखीचं डोमेन आहे. एखाद्यानं वेबसाइटचा अहवाल तिच्याच पत्त्याच्या नावानं जतन केला आणि पुढे डॉट-पीडीएफ लागलं, तरी मधलं डॉट-सीओएम नियमाला पुरेसं होतं. याच चुकीनं जेएस अडवणारे नियम जेसन फाइली अडवतात. २०२३ च्या मे महिन्यापासून डॉट-झिप हेही कोणालाही नोंदवता येईल असं डोमेन झालं आहे, म्हणजे झिप अडवणाऱ्यांच्या पुढ्यात हाच गोंधळ वाढून ठेवलाय.

दुसरं कारण: नियम कुठल्या हेडरवर चालावा, हे कुठेच सांगितलेलं नव्हतं. ‘नेम=’ अशी अक्षरं ज्या हेडरमध्ये येतील तिथे तो चालायचा. वृत्तपत्रिकांमध्ये सदस्यत्व रद्द करण्याच्या लिंकचा एक हेडर असतो. त्या लिंकमध्ये कुठे ‘नेम=’ आणि पुढे एखादा डॉट-सीओएम पत्ता असला, तर अटॅचमेंटच नसलेला मेल अटॅचमेंटच्या नियमाखाली जायचा. मधला ठिपका-तारा, म्हणजे "काहीही, कितीही", हे सगळं अंतर एका दमात ओलांडतो. पोस्टफिक्समध्ये तो अनेक ओळींवर मोडलेल्या हेडरमधली नवी ओळसुद्धा ओलांडतो.

दुरुस्त नियमाचा गाभा असा ठेवला:

नेम="?[^;]*\.(ईएक्सई|एससीआर|…)"?(;|$)

सुरुवातीला हेडर कन्टेन्ट-टाइप किंवा कन्टेन्ट-डिस्पोझिशनच असला पाहिजे, ही अट. अटॅचमेंटचा प्रकार आणि नाव याच दोन हेडरमध्ये असतं. "काहीही"च्या जागी "अर्धविराम सोडून काहीही", म्हणजे शोध एका पॅरामीटरच्या कुंपणाबाहेर जात नाही. आणि शेवटी अवतरणचिन्हानंतर एकतर अर्धविराम किंवा हेडरचा शेवट, म्हणजे एक्स्टेन्शन खरोखरच नावाच्या टोकाला असलं पाहिजे. ही काही माझी करामत नाही. हेडर तपासणीच्या पोस्टफिक्सच्या स्वतःच्या मॅन्युअल पानावर याच बांधणीचा, याहून पूर्ण नमुना दिलेला आहे. आम्ही तो वाचून वापरला असता, तर हे प्रकरण घडलंच नसतं.

तरीही सीओएमची गाठ सुटली नाही. काहीजण पूर्ण मेलच अटॅचमेंट म्हणून पुढे पाठवतात, आणि काही प्रोग्रॅम त्या अटॅचमेंटला मूळ मेलचा विषय हेच नाव देतात. विषय एखाद्या वेबसाइटच्या पत्त्यानं संपत असेल, तर नाव थेट डॉट-सीओएमवरच संपतं. मला वाटलं होतं, कन्टेन्ट-टाइप ‘मेसेज’ असेल तर सोडून द्या, असा नियम आधी घालू. तो चालला नाही. पोस्टफिक्स हेडर एकेक करून तपासतं. कन्टेन्ट-टाइपला मिळालेली सूट त्याच भागाच्या कन्टेन्ट-डिस्पोझिशनला माहीत नसते. तेच नाव तिथे दुसऱ्यांदा येतं आणि पकडलं जातं. एका ओळीपुरतं बघणाऱ्या नियमाला अख्ख्या भागाबद्दलचा निर्णय घेता येत नाही, इथे रेजेक्स कितीही घोटला तरी उपयोग नव्हता.

"मग मजकूरच तपासू"

या टप्प्यावर आमच्यातल्या एकानं सुचवलं, "सर, नावावर भरवसाच कशाला? आतला मजकूरच तपासू. बॉडीवर ईएक्सई शोधणारी एक ओळ टाकू." सूचना मनापासून होती, म्हणून हिशेब मांडून बघितला.

अटॅचमेंट मेलमधून बेस-६४ रूपात जाते: ६४ चिन्हांची वर्णमाला, ओळीत जास्तीत जास्त ७६ चिन्हं. दाबलेली फाइल, म्हणजे जेपीईजी किंवा झिप, या रूपात जवळजवळ रँडम अक्षरांसारखी दिसते. कुठल्याही तीन लागोपाठच्या जागी नेमकी तीन अक्षरं येण्याची शक्यता २,६२,१४४ मध्ये एक. लहान-मोठी लिपी सारखीच धरली, तर प्रत्येक अक्षराला दोन रूपं, म्हणून त्यात आठपट वाढ: ३२,७६८ मध्ये एक. पोस्टफिक्स मुळात प्रत्येक अटॅचमेंटचे पहिले ५१,२०० बाइटच बॉडी तपासणीसाठी घेतं. तेवढ्यातसुद्धा ई-एक्स-ई निव्वळ योगायोगानं सरासरी दीड वेळा सापडेल. म्हणजे त्याहून मोठ्या पाच फोटोंपैकी जवळपास चार अडतील, त्यांच्यात काहीही नसताना. उलट ठिपक्यासकट शोधलं, तर एकही सापडणार नाही, कारण बेस-६४ च्या वर्णमालेत ठिपका हे चिन्हच नाही. एक रूप सगळं अडवतं, दुसरं काहीच नाही.

मजकुरातली योग्य खूण वेगळी आहे. विंडोजच्या चालवता येणाऱ्या फाइलीचे पहिले दोन बाइट एम आणि झेड असतात. सर्वसाधारण फाइलीत त्यापुढचा बाइट ठरलेला असल्यानं बेस-६४ मध्ये ती टी-व्ही-क्यू-क्यू अशी सुरू होते. यातलं तिसरं अक्षर, म्हणजे पहिला क्यू, लहान लिपीतला, चौथं मोठ्या. ही खूण ओळीच्या सुरुवातीला खिळवली आणि लिपीचा फरक पाळला, तर चुकून जुळण्याची शक्यता फारच कमी उरते. जिथे शोधायचं ती जागा पक्की केली, की शोधायचं काय हे आपोआप नेमकं होतं.

नाव वाचण्याआधी उलगडायला हवं

शेवटी आम्ही नावाचा निर्णय रेजेक्सकडून काढून मिल्टरकडे, म्हणजे मेल तपासायला पोस्टफिक्सला जोडलेल्या वेगळ्या प्रोग्रॅमकडे दिला. मेलचे भाग सुटे करून, नाव उलगडून मगच तो निर्णय घेतो. याला आणखी एक कारण होतं, आणि ते उलट्या बाजूचं.

रोमन नसलेल्या लिपीतलं नाव हेडरमध्ये सरळ जात नाही. १९९६ च्या आरएफसी २०४७ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या पद्धती ठरवणारे क्रमांकित दस्तऐवज) ची पद्धत ते बेस-६४ मध्ये गुंडाळते. पॅरामीटरमध्ये ती वापरायला मनाई आहे, तरी अनेक प्रोग्रॅम वापरतात. १९९७ ची आरएफसी २२३१ हे काम टक्क्याच्या चिन्हांनी करते, आणि लांब नावाचे तुकडेही करू देते. आपला ‘अ’ पहिल्या पद्धतीत चार-के-एस-एफ होतो. अशा गुंडाळलेल्या नावाच्या टोकाला ठिपका-ईएक्सई असलं, तरी तो ठिपका नियमाला दिसतच नाही. दुसऱ्या पद्धतीत ‘नेम’ आणि बरोबरच्या चिन्हामध्ये एक तारा येतो, त्यामुळे ‘नेम=’ जुळतच नाही. अकरा दिवस इन्कम स्टेटमेंट टाकणारा आमचा नियम देवनागरी नावाची खरी धोकादायक फाइल निवांत आत सोडत होता. हे मी एका रिकाम्या फाइलीवर करून बघितलं. ती विनातक्रार माझ्या इनबॉक्समध्ये आली.

मिल्टर आता नाव पूर्ण उलगडतो आणि शेवटचे ठिपके व रिकाम्या जागा काढून टाकतो, कारण विंडोजही त्या सोडून देतं. मग शेवटच्या ठिपक्यानंतरचा तुकडा यादीशी अक्षरशः ताडून बघतो. त्यात रेजेक्स नाही. भाग ‘मेसेज’ प्रकारचा असेल, तर नावाऐवजी त्याच्या आतले भाग तपासतो. जोडीला पहिल्या दोन बाइटांची तपासणी आहे. गेटवेवरचा दुरुस्त रेजेक्स पहिली चाळणी म्हणून राहिला आहे, आणि त्यात कुठलाही बदल केला की आधी आठवडाभर ‘वॉर्न’ ठेवतो. मेल पोचतो, फक्त लॉगमध्ये ओळ पडते, आणि ती ओळ आमच्यातलं कोणीतरी रोज वाचतं.

चाचणीसाठी आता दोन फाइली आहेत. एकीत अडलीच पाहिजेत अशी नावं, दुसरीत सुटलीच पाहिजेत अशी. टेबल बदलल्यावर पोस्टमॅप या पोस्टफिक्सच्याच साधनानं दोन्ही फाइली त्याच्यावरून फिरवतो, आणि एकही ओळ चुकली तर नवं कॉन्फिगरेशन चढत नाही. चाचणी स्क्रिप्टनं तयार केलेल्या अंतिम टेबलावर चालते, साच्यावर नाही. बॅकस्लॅश हरवला होता तो या दोन्हींच्या मधेच. दुसऱ्या फाइलीत पहिली ओळ ‘एक्झिक्युटेड ॲग्रीमेंट’ची आहे.

टाकलेले मेल

डिस्कार्ड केलेला मेल परत आणता येत नाही. लॉगमध्ये पाठवणाऱ्याचा पत्ता आणि फाइलचं नाव तेवढं उरलं होतं. त्यावरून यादी केली, वर्मच्या धाटणीचे पत्ते गाळले, आणि उरलेल्या प्रत्येकाला पत्र लिहिलं: तुमचा अमुक तारखेचा मेल आमच्या चुकीमुळे पोचला नाही, कृपया पुन्हा पाठवा. ‘तांत्रिक अडचणीमुळे’ असं लिहावं, असा आग्रह झाला होता. मी ‘आमच्या चुकीमुळे’ हेच ठेवायला लावलं. समोरच्या माणसानं तोवर आपल्याच मेल प्रोग्रॅमवर, आपल्याच सर्व्हरवर संशय घेऊन झालेला असतो.

बहुतेकांनी निमूटपणे पुन्हा पाठवलं. एका उमेदवार बाईंनी शिफारसपत्र मुदतीच्या आधी दोन दिवस पाठवलं होतं. नावात ‘रेकमेंडेशन’, त्यात सी-ओ-एम. त्यांचा अर्ज अपूर्ण म्हणून बाजूला पडला होता. आमच्या पत्राला त्यांनी दोनच ओळींचं उत्तर दिलं: उत्तर आलं नाही म्हणून मी समजले की निवड झाली नाही, त्यामुळे विचारलं नाही. निवड समितीला लॉगमधली ती ओळ तारखेसकट छापून दिली. समितीनं अर्ज मुदतीत आला असं धरून पुन्हा विचारात घेतला.